'होम सिंगल लँग्वेज' आणि मराठी विंडोज: भाषेसाठी प्रोचे पैसे मोजायचे का?

वाचनकट्टा

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ६ लॅपटॉप आहेत. ४ नवे, विंडोज ११ चे. २ जुने, इंटेलच्या सातव्या पिढीचे, त्यांवर विंडोज १०. वापरणारे म्हणजे ज्येष्ठ सभासद आणि शाळेतली मुलं. मेनू, बटणं, सूचना मराठीत दिसाव्यात ही त्यांची मागणी आहे आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते.

नव्या लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये मराठी जोडली. टायपिंग होतं. पण 'विंडोज डिस्प्ले लँग्वेज'ची चौकट राखाडी राहते आणि परवान्यात एकच डिस्प्ले भाषा चालते अशी ओळ दिसते. सिस्टम > अबाउटमध्ये एडिशनसमोर 'विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज' लिहिलंय. विक्रेत्याचं म्हणणं, चारही मशीनना 'विंडोज ११ प्रो' ही वरची आवृत्ती घ्या. ऑनलाइन काही जण प्रोची की (परवान्याचा २५ अक्षरी क्रमांक) काहीशे रुपयांत विकतायत.

मला चार गोष्टी कळायला हव्यात. ही सिंगल लँग्वेज नेमकी काय भानगड आहे? प्रोमध्ये वाचनालयाच्या उपयोगाचं आणखी काय मिळतं? स्वस्त की घ्यावी का? आणि महाराष्ट्रात विकलेल्या लॅपटॉपवर मराठीसाठी वेगळे पैसे, हा दर न्याय्य कसा?

अनुस्वार

विक्रेता खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय.

सिंगल लँग्वेज म्हणजे होमच, फक्त लॅपटॉप कंपन्यांना कारखान्यात भरायला दिलेली. विंडोज ८ बरोबर, ऑक्टोबर २०१२ मध्ये ती आली. आपल्याकडे घरगुती वापराच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा हीच असते. माहितीपत्रकात कधी 'होम एसएल' असं आखूड लिहितात, कधी नुसतंच 'होम', त्यामुळे खोकं उघडेपर्यंत कळत नाही. साध्या होमपेक्षा ती हळू नाही, सुरक्षेचे अपडेट कमी नाहीत, प्रोग्राम तेच चालतात. एक दार तेवढं बंद आहे: दाखवण्याची भाषा बदलता येत नाही.

इथे एक घोळ आधी सोडवायला हवा. विंडोजमध्ये 'भाषा' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी आहेत: मराठी लिहिणं, मराठी मजकूर नीट दिसणं, आणि विंडोजनं स्वतः मराठीत बोलणं. पहिल्या दोन प्रत्येक आवृत्तीत मोकळ्या आहेत. तिसरी एसएलमध्ये बंद आहे.

लिहिण्यासाठी मराठी इन्स्क्रिप्ट ही कळरचना आहे आणि मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून उच्चाराप्रमाणे लिहायची 'मराठी फोनेटिक'ही आहे. टाइम अँड लँग्वेज > लँग्वेज अँड रीजन > मराठीसमोरची तीन टिंबं > लँग्वेज ऑप्शन्स > अ‍ॅड अ कीबोर्ड. इंग्रजी-मराठी अदलाबदल विंडोजची कळ आणि स्पेसबारनं. इन्स्क्रिप्टमध्ये लोक नेमके दोन ठिकाणी अडतात. 'लॅपटॉप'मधला ॅ शिफ्ट आणि २ वर आहे, ॉ उलट्या तिरक्या रेघेच्या कळीवर. 'दुसऱ्या'मधला ऱ शिफ्ट धरून र च्याच कळीवर येतो, मग हलन्त, मग य. ही दोन चित्रं छापून प्रत्येक टेबलावर चिकटवा, निम्मे प्रश्न तिथेच संपतील.

आता बंद दाराबद्दल. मराठी हा विंडोजमध्ये पूर्ण भाषापॅक नाही. तो 'लिप' म्हणजे लँग्वेज इंटरफेस पॅक आहे: खाली इंग्रजी असतेच, तिच्यावर मराठीचा थर चढतो, आणि जिथे भाषांतर झालेलं नाही तिथे इंग्रजी डोकावते. विंडोज एक्सपीच्या काळात हा मराठी थर फुकट उतरवून घेता यायचा. विंडोज ७ मध्ये फ्रेंच, जर्मनसारखे पूर्ण पॅक फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइझवर चढत, पण लिप सगळ्या आवृत्त्यांना खुला होता. विंडोज ८ नं भाषापॅक सर्वांना मोकळे केले आणि नेमकी ती आवृत्ती बाहेर ठेवली, जी आपल्या बाजारात सर्वाधिक भरली जाते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी स्वस्तातल्या लॅपटॉपवर जे फुकट होत होतं ते आज होत नाही, एवढं नोंदवून पुढे जातो.

मराठीत मिळणाऱ्या विंडोज इन्स्टॉलेशनची फाइलही नाही, कारण लिपची वेगळी आयएसओ निघत नाही. 'मराठी विंडोज टाकून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर तो काहीतरी भलतंच टाकणार आहे.

पण वाचनालयातला माणूस दिवसभरात विंडोजचे मेनू किती वेळ बघतो? नव्वद टक्के काम ब्राउझर आणि लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये. ते दोन्ही एसएलवरही मराठीत चालतात, एक रुपया न देता.

क्रोम: सेटिंग्ज > लँग्वेजेसमध्ये मराठी जोडा, तिच्यासमोरच्या तीन टिंबांत 'डिस्प्ले गूगल क्रोम इन धिस लँग्वेज' निवडा, रीलाँच. फायरफॉक्स: सेटिंग्ज > जनरल > लँग्वेजच्या यादीत 'सर्च फॉर मोअर लँग्वेजेस', तिथून मराठी. एमएस ऑफिस असेल तर फाइल > ऑप्शन्स > लँग्वेजमधून मराठी डिस्प्ले भाषा बसते. ऑफिस विंडोजची आवृत्ती विचारत नाही.

लिबरऑफिसमध्ये एक खड्डा आहे. इन्स्टॉल करताना 'टिपिकल' निवडलं तर मराठी उतरतच नाही आणि नंतर टूल्स > ऑप्शन्सच्या यादीत ती सापडत नाही. 'कस्टम' घ्या, 'युझर इंटरफेस लँग्वेजेस' उघडा, मराठीवर क्लिक करून 'धिस फीचर विल बी इन्स्टॉल्ड' करा. आधीच टिपिकल झालं असेल तर काढायची गरज नाही. तीच इन्स्टॉलर फाइल पुन्हा चालवून 'मॉडिफाय' घ्या.

रात्रपाळी

प्रोचं मी सांगतो.

प्रोमध्ये जास्तीचं काय: बिटलॉकरचा (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीचा) पूर्ण ताबा, दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपनं या मशीनवर येणं, ग्रुप पॉलिसी (मशीनवर काय करता येईल याचे नियम लावणं), हायपर-व्ही (मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन), विंडोज सँडबॉक्स (शंकास्पद प्रोग्राम वेगळा ठेवून चालवून बघणं), डोमेनला म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती सर्व्हरला जोडणं, आणि एकाच प्रोग्रामपुरतं मशीन बांधून ठेवण्याची 'असाइन्ड अ‍ॅक्सेस' सोय. होमला १२८ जीबी रॅमची मर्यादा आहे, प्रोला २ टीबी. तुमच्या लॅपटॉपला दोन्ही सारखंच. वेगात फरक शून्य.

वाचनालयाला यातलं खरं उपयोगी म्हणजे ग्रुप पॉलिसी आणि असाइन्ड अ‍ॅक्सेस. त्याऐवजी होमवर वाचकांसाठी 'स्टँडर्ड युझर' खातं करून अ‍ॅडमिन खात्याला वेगळा पासवर्ड दिला तर बहुतेक राखण होते. दुरून मदत करायला 'क्विक असिस्ट' होममध्येही आहे.

दराचं बोलायचं तर अमेरिकेतली छापील किंमत होम १३९ डॉलर, प्रो १९९.९९, आणि होमवरून प्रोवर जायला स्टोअरमध्ये ९९. बेरीज बघा: आधी होम, मग अपग्रेड म्हणजे २३८ डॉलर. पहिल्या दिवशी प्रो घेणाऱ्यापेक्षा ३८ जास्त. म्हणून नवं मशीन घेतानाच प्रोवाला मॉडेल किती महाग पडतो ते आधी विचारा. कंपनीकडून भरून आलेला प्रो नंतरच्या अपग्रेडपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. आपल्याकडचा रुपयांतला भाव सेटिंग्ज > सिस्टम > अ‍ॅक्टिव्हेशनमधून 'ओपन स्टोअर' दाबलं की समोर येतो.

तरीही घ्यायचा ठरला तर क्रम असा. संस्थेच्या नावाचं मायक्रोसॉफ्ट खातं उघडा, कुणा कर्मचाऱ्याचं वापरू नका, कारण स्टोअरमधला परवाना खात्याशी बांधला जातो. मग अ‍ॅक्टिव्हेशनमधून खरेदी. मशीन एकदा रीस्टार्ट होतं, फाइली आणि प्रोग्राम जागच्या जागी राहतात. काही गीगाबाइट उतरत नाहीत, कारण प्रोचं सगळं सामान डिस्कवर आधीपासूनच असतं. परत होमवर यायचं तर मात्र विंडोज नव्यानं टाकावं लागतं.

आता दोन ठिकाणी फसगत होते.

पहिलं, फॉर्मॅट केल्यावर. लॅपटॉपच्या बोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये कारखान्यानं होम एसएलची की लिहिलेली असते. इन्स्टॉलर ती वाचतो आणि काही न विचारता एसएलच टाकतो. लोक घाबरतात की प्रो गेला. गेलेला नसतो. इंटरनेट जोडा, ज्या खात्यावर प्रो घेतला त्याच खात्यानं लॉगिन करा, अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये 'ट्रबलशूट' दाबा. सर्व्हरवरचा डिजिटल परवाना सापडतो आणि प्रो परत चढतो. पण हा प्रो म्हणजे त्या लॅपटॉपच्या होमवर बांधलेला माळा आहे. बोर्ड जळून नवा बोर्ड पडला तर पायाच गेला; कारखान्याचा परवाना दुसऱ्या लॅपटॉपवर नेता येत नाही, दुकानातून घेतलेला पूर्ण रीटेल परवाना नेता येतो. वॉरंटीत बोर्ड बदलला तर जुनी की नव्या बोर्डात लिहून द्यायला सर्व्हिस सेंटरला सांगा आणि पावतीवर तसं लिहून घ्या.

दुसरं जास्त जीवघेणं आहे, आणि ते होम एसएललाही लागू आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं पहिलं लॉगिन झालं की बऱ्याच मशीनवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्क कुलूपबंद करणं, आपोआप सुरू होतं. विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटपासून त्याच्या अटी सैल केल्यामुळे आणखी मशीन त्यात आली. ते कुलूप उघडायची ४८ आकडी रिकव्हरी की ज्या खात्यानं लॉगिन केलं त्यात जाऊन बसते. मशीन चालू करून देणाऱ्या दुकानातल्या मुलानं स्वतःचं खातं टाकलं असेल तर की त्याच्याकडे. पुढे कधीतरी बायोस अपडेट झालं किंवा बोर्ड बदलला की निळा पडदा ती की मागतो, आणि ती नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. आजच चारही मशीनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > डिव्हाइस एन्क्रिप्शन उघडून बघा. सुरू असेल तर की शोधा, कागदावर लिहा, मशीनच्या अनुक्रमांकासह कपाटात ठेवा. कुणाचं खातं होतं ते कळतच नसेल तर एन्क्रिप्शन बंद करा, डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत चार्जर लावून ठेवा, मग संस्थेच्या खात्यानं पुन्हा सुरू करा.

सह्यकडा

स्वस्त कीबद्दल थोडक्यात, कारण उत्तर 'नको' हेच आहे. पण कारण समजून घ्या.

काहीशे रुपयांत मिळणारी की खोटी असतेच असं नाही. ती बहुधा कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या व्हॉल्यूम म्हणजे एकगठ्ठा परवान्यातली 'मॅक' की असते, एकच की ठरावीक वेळा चालणारी. विकणारा ती शेकडो लोकांना देतो. आकडा संपला की पुढच्याला अ‍ॅक्टिव्हेशन नाकारलं जातं, किंवा विक्रेता तुम्हाला फोनवरून लांबलचक आकडे वाचून अ‍ॅक्टिव्हेट करायला लावतो. फोनवरचे आकडे आले म्हणजे समजायचं, ती की वापरून चोथा झाली आहे. मूळ संस्थेच्या लक्षात आलं की ती बंद करवते, आणि पुढच्या फॉर्मॅटला तुमचं मशीन उघडं पडतं.

तपासायचं असं: विंडोज कळ आणि आर दाबून रनची चौकट उघडा. इंग्रजी छोट्या अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, एक जागा, तिरकी रेघ, डी-एल-आय लिहून एंटर. काही सेकंदांनी चौकट येते, तिच्यात 'चॅनेल' हा शब्द बघा. 'ओईएम_डीएम' म्हणजे कारखान्याची, बोर्डातली की. 'रीटेल' म्हणजे दुकानातली किंवा स्टोअरमधली. 'व्हॉल्यूम' दिसलं आणि तुमच्या संस्थेचा मायक्रोसॉफ्टशी व्हॉल्यूम करार नाही, तर ती की तुमची नाही, पावती कितीही रंगीत असो. असा करार नसताना 'केएमएसक्लायंट' दिसलं तर अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचंच आहे आणि कुणीतरी मध्ये खोटा सर्व्हर बसवलाय. असं मशीन वाचकांना देऊ नका. तसला अ‍ॅक्टिव्हेटर (खोटं अ‍ॅक्टिव्हेशन करणारा प्रोग्राम) चालवताना अँटिव्हायरस बंद केला जातो आणि त्याच्यासोबत आणखी काय आलं ते कुणाला ठाऊक नसतं.

वाचनालय सरकारी अनुदान घेत असेल तर लेखापरीक्षणात परवान्याचा पुरावा म्हणजे १८ टक्के जीएसटी लावलेलं, आवृत्तीचं पूर्ण नाव लिहिलेलं बिल. इमेलमध्ये आलेली २५ अक्षरं हा पुरावा नव्हे.

मोडीवळण

न्यायाच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. मला तोच मुख्य वाटतो.

एकाच वस्तूच्या दोन किमती हा मुळात अन्याय नाही. प्रोग्रामची पुढची प्रत काढायला कंपनीला जवळपास काहीच खर्च येत नाही, त्यामुळे किंमत खर्चावरून ठरतच नाही. कोण किती देऊ शकतो यावरून ठरते. मग ज्याला परवडतं त्यानं स्वस्तातली घेऊ नये म्हणून स्वस्तातलीचं काहीतरी काढून घेतलं जातं. हार्डवेअरमध्येही हेच झालंय. इंटेलनं १९९१ मध्ये ४८६एसएक्स काढला, तो ४८६डीएक्सच होता, गणिताचा भाग बंद केलेला. वर '४८७' नावाची जोडचिप विकली, ती प्रत्यक्षात अख्खी डीएक्स होती आणि बसवली की जुन्या चिपला गप्प करायची. विंडोजची गोष्ट तीच. रात्रपाळींनी सांगितलंच, प्रो डिस्कवर पडलेलाच असतो, पैसे कुलपाचे.

तरी मी म्हणतो, बिटलॉकरसाठी किंवा रिमोट डेस्कटॉपसाठी जास्त पैसे मागणं मला खटकत नाही. ते बहुधा कंपन्या वापरतात, कंपन्या देऊ शकतात, आणि त्यामुळे घरगुती प्रत स्वस्त राहते. विद्यार्थ्याला त्यात तोटा नाही.

स्वस्त बाजारासाठी काढलेल्या आवृत्त्यांचा इतिहास मात्र बघा. २००५ मध्ये भारतात आलेली एक्सपी स्टार्टर एका वेळी तीनच प्रोग्राम चालवू द्यायची. विंडोज ७ स्टार्टरमध्ये डेस्कटॉपचं चित्र बदलता येत नसे. विंडोज ७ होम बेसिक फक्त आपल्यासारख्या देशांत विकली गेली आणि तिचं अ‍ॅक्टिव्हेशन त्या भागापुरतंच बांधलेलं होतं. या प्रत्येकात काढून घेतलेल्या वस्तूमागे एक हिशेब होता: स्वस्त प्रत श्रीमंत बाजारात पळून जाऊ नये.

सिंगल लँग्वेजचा हिशेबही तोच असणार, आणि थायलंडमध्ये तो पटतो. बँकॉकला स्वस्तात विकलेला, थाई भाषेतला लॅपटॉप जर्मन करून बर्लिनला विकता येऊ नये. कुंपण तिथे काहीतरी राखतं.

आता तेच कुंपण भारतात आणा. आपल्याकडे लॅपटॉप इंग्रजीत येतो. ज्या श्रीमंत देशांत तो पळून जाण्याची भीती, तिथली भाषा त्याच्यात आधीच आहे. मग कुंपणानं अडवलं कुणाला? मराठी, तमिळ, बंगाली, ओडिया वाचणाऱ्याला. मराठी थर चढवून तो लॅपटॉप बर्लिनला कुणी विकणार नाही. म्हणजे मराठी बंद ठेवून कंपनीची एका पैशाची राखण होत नाही, आणि इथल्या म्हाताऱ्या वाचकाला मात्र 'शट डाउन' कुठे आहे ते दरवेळी विचारावं लागतं. भाषांतर करून तयार आहे, साध्या होमवर ते फुकट उतरतं. फक्त या एका आवृत्तीत त्याला प्रोची किंमत चिकटते. प्रोमध्ये पाच-सहा कामाच्या सोयी आहेत आणि सातवी सोय आपली मातृभाषा, ही मांडणी मला मान्य नाही.

उपाय सोपा आहे: एसएलचा पाया इंग्रजी असेल तर त्यावर एक लिप चढवू द्या. युरोपातल्या भाषा बंदच ठेवा, आमची हरकत नाही.

नियमांकडून लगेच आशा नको. मोबाइलसाठी आयएस १६३३३ भाग ३ हे भारतीय मानक आहे: २२ भाषांत मजकूर वाचता यावा, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत टाइप करता यावं. ते मोबाइलपुरतं आहे, आणि तेही लिहिण्या-वाचण्यापुरतं. मेनू कोणत्या भाषेत असावा हे ते सांगत नाही. नियम अर्धवट केला की काय होतं ते युरोपात दिसलं. २००४ मध्ये युरोपीय आयोगानं मीडिया प्लेअर नसलेली विंडोज विकायला लावली, ४९.७ कोटी युरो दंडही केला, पण किंमत वेगळी ठेवा असं म्हटलं नाही. 'एन' आवृत्ती त्याच किमतीला आली आणि जवळपास कुणी घेतली नाही.

आपल्या हातात आहे ते खरेदीपत्र. पुढच्या वेळी मागणीपत्रात 'विंडोज ११' एवढंच लिहू नका. लिहा: 'डिस्प्ले भाषा म्हणून मराठी निवडता आली पाहिजे, ताबा घेताना प्रत्येक मशीनवर तपासले जाईल.' तालुक्यातल्या पाच संस्थांनी हे एक वाक्य लिहिलं तरी विक्रेता कंपनीला विचारेल.

रात्रपाळी

मोडीवळण, लिपचा मुद्दा पटला, तो मी असा कधी तपासला नव्हता. एक भर घालतो. कंपनीनं उद्या एसएल मोकळी केली आणि 'होम' हीच एक आवृत्ती ठेवली, तर लॅपटॉप कंपन्यांना मिळणारा भाव वर जाऊ शकतो, आणि तो भार सगळ्यांवर पडेल, ज्यांना मराठी नको त्यांच्यावरही. म्हणून एसएल रद्द करा अशी मागणी करू नये. तुम्ही म्हणता तीच नेमकी: भाव तोच, लिप खुला.

वाचनकट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. एन्क्रिप्शन तपासलं. चारपैकी दोन मशीनवर की विक्रेत्याच्या माणसाच्या खात्यात निघाली, ती आता मिळवून लिहून ठेवली आहे.

दोन प्रश्न उरले. एका मशीनवर प्रो घेऊन मराठी करायचं ठरलंय, ज्येष्ठांच्या टेबलासाठी. तिथे पुस्तकांच्या नोंदीचा जुना प्रोग्रामही चालतो, तो बिघडणार नाही ना? आणि दोन जुन्या लॅपटॉपचं काय करावं? एकात ८ जीबी रॅम आहे, दुसऱ्यात ४.

अनुस्वार

मराठी जोडताना 'सेट अ‍ॅज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज'वर खूण करा, साइन आउट करून परत या. मग त्याच पानावर खाली 'रीजनल फॉरमॅट' बघा. ते 'रेकमेंडेड'वर असेल तर भाषेमागोमाग मराठीवर जातं, तारखेतला महिना मराठीत येतो, आणि जुने प्रोग्राम तारीख वाचताना तिथेच कोसळतात. ते हातानं 'इंग्लिश (इंडिया)' करा. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. मेनू मराठी, तारीख इंग्रजी, काही अडत नाही. आधी नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि एक पुस्तक देऊन-परत घेऊन परतीची तारीख बरोबर येते का ते पाहा.

वाचकांचं खातं वेगळं असेल तर त्याला मराठी आपोआप लागत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज > कॉपी सेटिंग्जमध्ये 'वेलकम स्क्रीन' आणि 'न्यू युझर अकाउंट्स' दोन्हींवर खूण करा. आधीपासून असलेल्या खात्यात जाऊन मात्र एकदा स्वतः निवडावं लागेल.

कळफलक

जुन्या दोघांवर पैसे घालू नका. सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत सहसा बसत नाही, आठव्यापासून पुढे लागतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटचा दर व्यक्तीला एका वर्षासाठी ३० डॉलर किंवा सेटिंग्जचा बॅकअप खात्याला जोडला तर फुकट, पण संस्थेला दर मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढच्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. तीन वर्षांचे ४२७ होतात. जुन्या लॅपटॉपची तेवढी किंमत राहिलेली नाही.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकट प्रणाली टाका. मिंट उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेलं आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. ८ जीबीवाल्यावर मिंटची सिनॅमन आवृत्ती, ४ जीबीवाल्यावर हलकी एक्सएफसीई. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, त्यावर आयएसओ फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा एचर वापरून लिहावी लागते. पेनड्राइव्हवरून सुरू केलं की डिस्कला हात न लावता मिंट उघडतं. तिथेच वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग द्या, इन्स्टॉल झाल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून ड्रायव्हर घ्या.

मराठीसाठी 'लँग्वेजेस' उघडून मराठी, इंडिया जोडा, खाली 'इन्स्टॉल लँग्वेज पॅक्स' दाबायला विसरू नका. ते राहिलं की भाषा निवडलेली दिसते आणि मेनू इंग्रजीच राहतात. लॉगआउट. इथेही भाषांतर पूर्ण नाही, मधेमधे इंग्रजी दिसेल, ते सभासदांना आधीच सांगा. कीबोर्डच्या लेआउटमध्ये भारत या गटात 'मराठी (एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट)' आणि 'मराठी (कागपा, फोनेटिक)' दोन्ही मिळतात. विंडोजवर इन्स्क्रिप्ट शिकलेल्याची बोटं इथे तशीच चालतात.

वाचनालयाच्या दृष्टीनं मिंटमधली सगळ्यात मोलाची गोष्ट 'लॉगिन विंडो' सेटिंग्जच्या युझर्स भागात आहे: 'अलाऊ गेस्ट सेशन्स'. ती चालू केली की वाचक पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून बसतो आणि उठला की त्याच्या फाइली, लॉगिन, इतिहास सगळं पुसलं जातं. कुणाचं इमेल उघडं राहण्याची काळजी मिटते. फक्त दारावर पाटी लावा, की लिहिलेलं पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय लॉगआउट करू नये, कारण पुसलेलं परत येत नाही.

एक बारीक गोष्ट, मुलांच्या निबंधासाठी. बऱ्याच फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. लिबरऑफिसमध्ये टूल्स > ऑप्शन्स > लँग्वेजेसमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची भाषा मराठी करा आणि फाँट 'नोटो सान्स देवनागरी' घ्या. मजकुराची भाषा मराठी आहे असं फाँटला कळलं की दोन्ही अक्षरं मराठी वळणानं येतात. आधीची फाइल असेल तर सगळा मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा, नुसता फाँट बदलून काम होत नाही.